सहाशे पौंड दांड्यावर

आर्विड स्कोगन जानेवारीत गेला, तेव्हा मिनेसोटातली जमीन चार फूट खोल गोठलेली होती. आमच्या भागात हिवाळ्यात मरणाऱ्याला पुरून घ्यायला मे उजाडावा लागतो. आर्विडने दहन सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तो राख होऊन एका पितळी डब्यात गेला आणि साडेचार महिने स्वयंपाकघरात फ्रिजवर बसून राहिला. त्याची बायको बर्निस रोज सकाळी कॉफी ओतताना डब्याकडे बघून सांगायची, “अजून गारठा आहे हो.”

पुरायचं होतं उत्तरेला, दोनशे दहा मैलांवर, आईवडिलांच्या शेजारी. थडग्यावरचा दगडही तयार होता. आर्विडने तो अकरा वर्षांपूर्वीच घडवून गॅरेजमध्ये आणून ठेवला होता. डावीकडे त्याचं नाव, उजवीकडे बर्निसचं, तिच्या जन्मतारखेसकट आणि पुढे मोकळी जागा. तीनशे पौंडांचा तो ग्रॅनाइट बर्निसला सवयीचा झाला होता. बागकामाचे ओले हातमोजे ती त्याच्यावरच वाळत घालायची.

“बाबांना मी नेतो,” त्यांचा मुलगा व्हर्लिन म्हणाला. “कॅम्पर ट्रेलर जोडतो, दगड त्यात घालतो. शनिवारी एक वाजता चर्चमध्ये.”

वाक्य साधं होतं, पण बोलताना व्हर्लिनचे कान लाल झाले. तो एकावन्न वर्षांचा होता, आणि बापाने त्याला आजवर एकदाही तो ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं ते छोटं घर, पिकअपला जोडू दिला नव्हता. साखळ्या धर म्हणायचा, दिवे बघ म्हणायचा, पण ट्रेलरचा दांडा पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसवायची वेळ आली की, “तू हो बाजूला.” बापाला नीट पोचवून दाखवायचं, एवढं एकच व्हर्लिनच्या डोक्यात होतं. बघायला बाप नव्हता ही त्यातली अडचण, पण तिला काही इलाज नव्हता.

आर्विडचा धर्म तसा ल्यूथरन, पण खरी श्रद्धा दांड्यावरच्या वजनावर. पाच हजार पौंडांचा ट्रेलर असेल तर सहाशे पौंड पुढच्या दांड्यावर आलेच पाहिजेत, कमी आले की शेपूट गाडी चालवते, हे तो लग्नात, बारशात, एकदा तर दुसऱ्याच्या मयतीतही सांगत बसला होता. मोजायला बाथरूममधला वजनकाटा. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मध्ये ठरलेल्या जागी दांडा टेकवायचा आणि येईल त्या आकड्याला तीनने गुणायचं. दोनशेच्या आकड्यावर त्याने लाल खूण केली होती, तीही बर्निसच्या नेलपॉलिशने. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला त्याने बाटली मागितली तेव्हा ती बिचारी जराशी लाजली होती. काटा तेव्हापासून गॅरेजमध्ये राहिला, आणि बर्निसला तेवीस वर्षं आपलं वजन किती ते कळलं नाही. तो गेल्यावर आठवड्याभरात तिने काटा उचलून परत बाथरूममध्ये नेला. व्हर्लिनला हे ठाऊक होतं, पण आईकडे तो मागायचा कसा, म्हणून त्याने विषयच काढला नाही.

शुक्रवारी त्याने कॅम्पर भरला. दगड सर्वांत शेवटी, मागच्या दारातून, कारण उतरवायचा सर्वांत आधी. त्याच्या शेजारी मागच्याच ओट्यावर बर्निसची तेवीस काचेची भांडी. जानेवारीत तेवीस घरांनी तिला जेवण पाठवलं होतं, बटाट्याची, नूडल्सची, वर चीज घातलेली हॉटडिश, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीचं नाव चिकटवलेलं. अर्ध्या तर आर्विडच्या उत्तरेकडच्या भावजया आणि चुलतबहिणी, आणि बाकीच्याही शनिवारी चर्चला येणार होत्या. भांडं रिकामं परत करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून बर्निसने तेवीसही भांड्यांत लिंबाच्या वड्या थापल्या होत्या. आलेल्या जेवणातलं तिने किती खाल्लं, हे कुणी विचारलं नाही.

शेजारचा ऑरिन कुंपणाला टेकून बघत होता. ट्रेलर जोडल्यावर पिकअपचं बूड जरा तरी खाली बसायला हवं. हे वर उचललेलं होतं. मागे वजन जास्त होऊन गाडी साफ उलाळ झाली होती.

“हं,” ऑरिन म्हणाला. “वेगळंच आहे.”

आमच्याकडे कुणी ‘वेगळंच आहे’ म्हणालं की समजायचं, याहून वाईट त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही. व्हर्लिनला ते समजलं. त्याने साखळ्या पुन्हा एकदा ओढून बघितल्या.

“माझ्याकडे काटा आहे,” ऑरिन म्हणाला. “वजन करून बघायचं का?”

“नको नको, ठीक आहे.”

“दोन मिनिटांचं काम आहे, आणू का?”

“कशाला उगाच त्रास, ऑरिनकाका.”

आता यात व्हर्लिनचं काही चुकलं नाही. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा उगाच त्रास म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की बरं बाबा म्हणून घ्यायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस आमच्यात हावरट ठरतो. व्हर्लिन तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिला. ऑरिनने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बर्निस कॉफी घेऊन आली. “ऑरिन, कॉफी?” “नको नको.” “अर्धा कप?” “कशाला उगाच.” “ओतलीय आता.” “बरं, दे मग.” त्या गडबडीत वजनाचा तिसरा प्रश्न राहून गेला. आपण होऊन मागण्याची सोय व्हर्लिनला नव्हती.

शनिवारी सकाळी आठला निघाले. व्हर्लिन चालवायला, बर्निस शेजारी, तिच्या पायाशी मोठी काळी पिशवी. आर्विडचा डबा तिने कॅम्परमध्ये मागच्या पलंगावर उशांत रोवून ठेवला होता. “त्यांना मागे झोप लागायची,” ती म्हणाली.

दर रविवारी फोन करून व्हर्लिन विचारायचा, “आई, ठीक आहेस ना?” ती म्हणायची, “ठीक आहे.” मग हवामान. गाडीतही तेच झालं. पहिले चाळीस मैल गावांतून, सावकाश, त्यामुळे ठीक चाललं. व्हर्लिनला वाटू लागलं की बापाने उगाच आयुष्यभर बाऊ केला.

मग मोठा रस्ता लागला. वेगाचा काटा साठवर गेला, आणि बाजूने धान्याचा एक लांबलचक ट्रक सुसाट गेला. त्याच्या वाऱ्याने कॅम्परचं शेपूट डावीकडे गेलं. मग उजवीकडे. मग जास्त डावीकडे. पिकअपचं मागचं टोक त्याच्याबरोबर नाचायला लागलं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं झालं. व्हर्लिनने घाबरून करकचून ब्रेक दाबला. त्याबरोबर मागून पाच हजार पौंड पुढे रेटायला लागले आणि समोरचा रस्ता काचेतून आडवा दिसू लागला.

“ब्रेक सोड,” बर्निस म्हणाली. आवाज अगदी मीठ दे म्हणावं तसा. “पाय काढ सगळा. स्टिअरिंग सरळ धर. आता ती खालची खिट्टी दाब, ट्रेलरच्या ब्रेकची. हळू.”

व्हर्लिनने खिट्टी दाबली. ट्रेलर मागून ताणला गेला, एक शेवटचा हिसडा दिला, आणि मागे काहीतरी मोठं फुटल्याचा आवाज झाला. मग सगळं शांत झालं. गाडी बिटाच्या शेताच्या कडेला, गवतात उभी राहिली.

व्हर्लिन उतरून मागे गेला. कॅम्परचं मागचं दार गेलं होतं. दगड शंभर फुटांवर गवतात उताणा पडला होता, नावं वर. ओट्यावरची चौदा भांडी फुटली होती. काचा, वड्या आणि ‘इंगा’, ‘डोरिस’, ‘मार्लिस’ लिहिलेल्या चिकटपट्ट्या सगळीकडे पसरल्या होत्या. आर्विड मात्र उशांत तसाच बसलेला होता.

शेतातून एक माणूस ट्रॅक्टर घेऊन आला, पुढे माती उचलायचं सूप लावलेला. लोवेल क्वाम्मे असं नाव त्याने सांगितलं. दगडापाशी थांबून त्याने टोपी काढली, वाचलं, मग बर्निसकडे बघितलं.

“तुम्हीच का या?”

“मीच.”

“तारीख राहिलीय.”

“आज भरत आली होती,” बर्निस म्हणाली.

लोवेलने मान डोलावली आणि व्हर्लिनकडे वळला. “दगड उचलून देऊ का?”

“हो,” व्हर्लिन म्हणाला.

लोवेल गोंधळला. पुढचे दोन प्रश्न त्याने तयार ठेवले होते. “नाही, म्हणजे, मला काही त्रास नाही...”

“हो म्हटलं ना. द्या उचलून. आणि एक फळी पाहिजे. आणि वीट. आणि वजनकाटा असेल तर तोही.”

एका दमात इतकं मागणारा माणूस लोवेलने पाहिला नव्हता. फळी आहे, वीट आहे, तो म्हणाला, काटा मात्र बायको घरात ठेवू देत नाही.

बर्निसने काळी पिशवी उघडली आणि आतून बाथरूमचा काटा काढला.

व्हर्लिन बघतच राहिला. “तू आणलास? मग काल का नाही बोललीस?”

“तू विचारलं नाहीस.”

“पण हा कशाला घेतलास बरोबर?”

“त्यांच्याबरोबर पुरायला,” बर्निस म्हणाली. “तेवीस वर्षं सोडला नाही. घेऊन जाऊ देत.”

फळी लावली, दांडा टेकवला. काट्याने एकशे दहा दाखवले. तिनाने गुणून तीनशे तीस, तेही मागचा दगड बाहेर पडल्यावर. सहाशेच्या जागी जेमतेम शंभर-दीडशे पौंडांवर आपण आईला साठ मैलांच्या वेगाने नेत होतो, हे कळल्यावर व्हर्लिन जाऊन बिटांमध्ये ओकला. मग तोंड पुसून परत आला. लोवेलने सुपातून दगड आणून कॅम्परच्या अगदी पुढच्या भिंतीला टेकवला. दोघांनी तो पट्ट्यांनी आवळून बांधला, मागच्या भगदाडावर ताडपत्री ताणली. काटा एकशे नव्वदवर आला. उरलेली नऊ भांडी पुढे आणली, एकशे सत्त्याण्णव झाले.

“अजून तीन पाहिजेत,” व्हर्लिन म्हणाला. लाल खुणेपासून सुई केसभर मागे होती. “फार फरक नाही पडायचा.”

“ह्यांनी ऐकलं असतं का हे?” बर्निस म्हणाली. ती आत गेली, मागच्या पलंगावरून पितळी डबा उचलून आणला आणि पुढे दगडाच्या मागोमाग पट्ट्यात अडकवला. सुई हलली आणि लाल खुणेवर बसली. लोवेलने पुन्हा टोपी काढली.

चर्चला पोचायला अडीच वाजले. पास्टर थांबले होते, तळघरात बायकांनी हॅम लावलेले बन झाकून ठेवले होते. चौदा भांड्यांचं बर्निसने दारातच सांगितलं आणि चौदा जणींनी तीन-तीनदा ‘काही हरकत नाही’ म्हटलं. गावातल्या चौघांनी दगड उतरवून बसवला, डबा खाली ठेवला. माती लोटायच्या आधी बर्निस पिशवीतून काटा काढून पुढे झाली.

“आई, तो राहू दे,” व्हर्लिन हळूच म्हणाला. “दगड उतरला, बाबा उतरले. परतताना सगळं बदललं. मोजावं लागेल.”

बर्निस थांबली. खड्ड्यात बघून म्हणाली, “बघा हो, आणखी एक तयार झाला.” मग काटा तिथेच गवतात ठेवला. “मोजायचंय तर आधी मी.” आणि काळ्या बुटांसकट ती त्याच्यावर उभी राहिली, स्वतःच्या नावासमोर.

व्हर्लिनने सुई बघितली. शंभर पौंडांनासुद्धा पोचली नव्हती. कोटाच्या आत आई इतकी उरली आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“आई, ठीक आहेस ना?” तो म्हणाला.

“ठीक आहे.”

“जेवतेस ना नीट?”

“मला काय धाड भरलीय.”

व्हर्लिन पुढे झाला. ती काट्यावरच होती, त्याने तिचं कोपर धरलं. जानेवारीपासून वीस रविवार झाले होते आणि दर वेळी त्याने एकदाच विचारलं होतं.

“आई, बरी आहेस ना तू?”

“नाही,” बर्निस म्हणाली.

मग ती काट्यावरून उतरली आणि तो उचलून त्याच्या हातात दिला. पास्टरांनी मातीची पहिली मूठ टाकली. तळघरातून कुणीतरी येऊन कॉफी घेणार का म्हणून विचारलं, आणि दोघंही एकदम हो म्हणाले.