टोकेकरजींचा उलटा नल

आमच्या ऑफिसातल्या टोकेकरजींनी कॉम्प्युटरला उभ्या जन्मात एक प्रश्न सरळ विचारला नाही.

सी भाषेत प्रोग्राम लिहिताना पॉइंटर वापरावे लागतात. पॉइंटर म्हणजे एखाद्या वस्तूचा पत्ता. पत्ता कोरा असला की त्याला नल म्हणायचं. कोऱ्या पत्त्यावर गेलेला प्रोग्राम जागीच आडवा होतो. म्हणून आधी विचारायचं, ‘पॉइंटर नल आहे का?’ अख्खी दुनिया असंच लिहिते. टोकेकरजी लिहितात, ‘नल पॉइंटर आहे का?’

“भिया, घाईत बरोबरच्या दोन चिन्हांतलं एक सुटलं ना, तर सुलटं लिहिलेलं चुपचाप पास होतं. उलटं लिहिलं की कंपायलर वहीं के वहीं पकडतो!” मी चांगली मुलगी असून मला ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणत त्यांनी हे इतक्यांदा ऐकवलंय, की आता कान आपोआप मिटतात. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत नेणारा हा कंपायलर हल्ली सुलट्यालाही हटकतो, असं सांगितलं तर म्हणाले, “कंपायलर का क्या भरोसा?” म्हणजे ज्याच्या जिवावर सगळा उपद्व्याप, त्याच्यावरच विश्वास नाही!

शिवाय एकदा तपासून समाधान नाही. तोच पॉइंटर पुढच्या ओळीत पुन्हा, त्याच्या पुढे आणखी एकदा. कामाची ओळ शोधायला भिंग लागायचं. मी एकदा ‘नल’ न लिहिता पॉइंटरला नुसतं उद्गारचिन्ह लावून तपासणी उरकली, तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “ये क्या तोतलापन है?”

आमची कंपनी इलेक्ट्रॉनिक तोलकाट्यांचे प्रोग्राम करते. परवा मंडीतले एक बडे शेठ काटा बघायला आले. सोयाबीनचं पोतं ठेवलं. पडद्यावर शून्य. दुसरं ठेवलं. शून्यच.

“बोरी में हवा भरी है क्या?” शेठनी विचारलं.

टोकेकरजी अभिमानाने पुढे झाले. “मगर बंद पड़ा क्या? नहीं ना!”

वजन जिथून यायचं, तो पत्ता खरोखरच कोरा होता. टोकेकरजींच्या तपासणीने तो पकडला, आणि कुणाला काही न सांगता काम तिथेच सोडून दिलं. तो कोरा का राहिला, हे विचारायचं या गृहस्थाला कधी सुचलंच नव्हतं.

शेठ गेले, ऑर्डर गेली. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “टोकेकरजी, कल से आप कोड नहीं लिखेंगे.”

खाली टोकेकरजी स्कूटरला घराचीच किल्ली लावत राहिले, म्हणून मीच त्यांना माझ्या गाडीवर घेतलं. भंवरकुआंच्या ऑफिसपासून मल्हारगंजच्या त्यांच्या घरापर्यंत आता व्याख्यान ऐकावं लागणार, म्हणून मी मनातल्या मनात चरफडत होते. पण वाटभर त्यांनी फक्त वळणं सांगितली.

जिना चढून त्यांनी बेल दाबली. शर्टाची कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला आणि थांबले. आत काही हाललं नाही. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली.

“घरी कोणी नाही?”

“कोण असणार? हिला जाऊन तीन वर्षं झाली.”

“मग बेल?”

“एकदम किल्ली लावून आत शिरलं की दचकायची ती.”

कुलूप उघडून ते आत गेले. मी जिन्याकडे वळले होते.

“चहात आलं घालू का?” आतून त्यांनी विचारलं.

मी चपला काढल्या.