आठवड्यासाठी आणलेले वडील

आमच्या गावच्या वाचनालयातून कादंबरीतले वडील घरी न्यायला मिळतात. वर्गणी भरलेली असावी आणि घरात शाळकरी मूल असावं, एवढ्याच अटी आहेत. मुदत एका आठवड्याची. पुस्तक वाचनालयातच राहतं, वडील तेवढे बाहेर जातात.

मी खरं तर आई न्यायला गेले होते. ग्रंथपाल गद्रेबाईंनी सांगितलं, की कादंबऱ्यांतल्या आयांना फार मागणी असते आणि वार्षिक परीक्षा संपेपर्यंत एकही मोकळी नाही. शिवाय आई तुमच्या घरात आहेच की, असंही त्या म्हणाल्या. माझा नवरा नोकरीसाठी गुजरातेत, दहेजला असतो आणि मुलाला जे वळण लावायचं ते रविवारी फोनवरून लावतो. त्यामुळे वडील नेणंही काही चुकीचं नव्हतं.

गद्रेबाईंनी शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका नावाजलेल्या कादंबरीतले अण्णासाहेब काढून दिले. उपरणं, पगडी, हातात काठी. ही कादंबरी गावात सगळ्यांची वाचून झालेली आहे, तेव्हा आठवडाभर ते आत नसले तरी कोणाचं अडणार नाही, असं बाईंचं मत पडलं. गाव म्हटलं की सगळ्यांनी सगळं वाचलेलं असतं, ही आमच्याकडची जुनी समजूत आहे. रिक्षात अण्णासाहेबांनी मला एकच विचारलं, मुलाने काय केलंय.

माझा मुलगा निषाद सहावीत आहे. गच्चीवर चिखलाचे बूट धुण्यासाठी त्याने सोसायटीच्या टाकीचा नळ सोडला आणि तसाच टाकून खाली आला. रात्रीत टाकी रिकामी झाली. सकाळी सगळ्या मजल्यांवर कोरडे नळ, तोंडाला फेस लागलेले साहेब लोक आणि आरडाओरडा. चौकीदार धोंडिराम रात्री झोपला असणार, असं समितीने ठरवलं आणि सोमवारपासून येऊ नकोस म्हणून त्याला सांगितलं. निषादचे बूट मी पाहिले होते, इतके स्वच्छ ते दुकानातही नव्हते. मी विचारलं, रागावले, एक धपाटाही घातला. तो नाही म्हणाला आणि नाहीच म्हणत राहिला.

अण्णासाहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, मीच जाऊन समितीला सांगते, म्हणजे विषय संपला.

"तुम्ही सांगितलंत तर त्या माणसाची नोकरी वाचेल, बाई. मुलगा नाही वाचणार," ते म्हणाले. "रविवारपर्यंत थांबू. तोवर तो बोलला नाही, तर आपण दोघं जाऊन सांगू. त्या माणसाचं नुकसान होऊ द्यायचं नाही."

मला ते पटलं. न पटून सांगते कोणाला, आठवड्यासाठी तेच घरातले कर्ते होते.

त्यांच्या कादंबरीत उपदेश दिवेलागणीला तुळशीपाशी होतो. आमच्याकडे तुळस वॉशिंग मशीनच्या शेजारी आहे, म्हणून तिथे दोन स्टुलं मांडली. पहिल्या संध्याकाळी ते खरेपणाविषयी बोलले. बोलणं एका प्रकरणाइतकं चाललं आणि प्रकरण संपल्यावर ते थांबले. निषादने जांभई दिली. दुसऱ्या संध्याकाळी ते कमी बोलले. तिसऱ्या संध्याकाळी काहीच बोलले नाहीत, नुसते त्याच्याजवळ बसले, आणि निषाद त्या दिवशी नेहमीपेक्षा उशिरापर्यंत बसून राहिला. जेवताना त्याने मला विचारलं, धोंडिरामकाका आता कुठे जाणार? मी म्हटलं, गावी जाईल बहुतेक. त्याने पोळी अर्धी टाकली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

शुक्रवारी निवृत्त पोस्टमास्तर सोहनी आमच्या दारात आले. ते रोज दुपारी वाचनालयात बसून जुनी पुस्तकं पुन्हा वाचतात. ही कादंबरी त्यांनी परत काढली होती आणि तिच्यात बिघाड झाल्याची तक्रार ते सध्याच्या वापरकर्त्याकडे, म्हणजे माझ्याकडे, घेऊन आले होते. मी त्यांना बसायला सांगितलं. ते उभ्यानेच बोलले.

अण्णासाहेबांच्या धाकट्या मुलाने, वामनने, सावकाराकडचं घड्याळ चोरलेलं असतं आणि आळ येतो घरगडी राघूवर. शेवटच्या प्रकरणात वामन भर कोर्टात उठतो आणि चोरी मी केली म्हणून सांगतो. गावात ज्यांनी ज्यांनी ती कादंबरी वाचली, ते सगळे या ठिकाणी रडलेले आहेत. सोहनी स्वतः चारचौघांत रडलेले आहेत. पण काल त्यांनी ते प्रकरण वाचलं तेव्हा वामन उठलाच नाही. तो बाकावर बसून राहिला आणि राघूला सक्तमजुरी झाली. आदल्या रात्री वडील मुलाशी बोलतात तो प्रसंग पुस्तकात आहे, पण त्यात वामन एकटाच ओसरीवर बसलेला आहे आणि समोर कोणी नाही.

अण्णासाहेब आतून ऐकत होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. राघूला आत नेलं का, असं त्यांनी सोहनींना दोनदा विचारलं. मग त्यांनी पगडी घेतली, काठी घेतली, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"हातात घेतलेलं मूल अर्ध्यावर टाकून मला जाता येणार नाही," ते म्हणाले.

सोहनी म्हणाले, तिकडचंही मूल तुमचंच आहे. त्यावर अण्णासाहेब खाली बसले. एवढा मोठा माणूस चपलांच्या स्टँडशेजारी जमिनीवर बसलेला पाहून मला काय करावं ते सुचेना. मी पाणी दिलं.

निषाद खोलीच्या दारात उभा होता. तो विचारत होता, की हे सगळं माझ्यामुळे झालं का.

"नाही, बाळ," अण्णासाहेब म्हणाले. "वामनशी जे बोलायचं ते मी इथे तुझ्याशी बोलत बसलो. चूक माझी आहे."

निषादने चपलाही घातल्या नाहीत, तसाच खाली गेला. मी गॅलरीतून पाहिलं, तो आधी धोंडिरामच्या केबिनशी गेला, तिथे बराच वेळ उभा राहिला, मग त्याने तळमजल्यावरच्या सोसायटीच्या अध्यक्षांच्या फ्लॅटची बेल दाबली. अध्यक्ष दिवेकर बनियनवर बाहेर आले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण निषादची मान खाली नव्हती. नंतर दिवेकरांनी मला फोन करून सांगितलं, की धोंडिरामला काढण्याचा ठराव पुढच्या बैठकीत मागे घेता येईल, मात्र तोपर्यंत कागदोपत्री त्याला काढलेलं समजण्यात येईल आणि तो कामावर राहील. निषादला महिनाभर गच्चीबंदी झाली. मी सोफ्यावर बसून पोटभर रडले.

अण्णासाहेब त्याच संध्याकाळी, मुदतीच्या आधी, परत गेले. गद्रेबाईंनी कार्डावर शिक्का मारला आणि ते पुस्तकात शिरले. आम्ही लगेच शेवटचं प्रकरण उघडलं. कोर्ट उठलेलं होतं. अण्णासाहेब रिकाम्या दालनात मागच्या बाकाशी उभे होते, वामन तसाच बसलेला होता, आणि खाली 'समाप्त' छापलेलं होतं.

वाचनालयाच्या कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. कथा संपायच्या आत वडील परतले तरच मजकूर आपोआप सुधारतो, आणि समाप्तीनंतर सुधारण्याची तरतूद नाही, असं तिथे सांगण्यात आलं. दुसरी प्रत मागवावी अशी एक सूचना आली. राघूचं काय, असं सोहनींनी विचारलं. राघू दुसऱ्या प्रतीत सुटलेला असेल, असं उत्तर मिळालं. सोहनी सभा सोडून गेले.

तेव्हापासून निषाद शाळा सुटली की वाचनालयात जातो. शेवटचं पान उघडून त्याच्यासमोर बसतो आणि हळू आवाजात वामनशी बोलतो. वाचनकक्षात बोलायची मनाई आहे, पण पुस्तकाशी बोलू नये असं नियमात कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे गद्रेबाई त्याला अडवत नाहीत. मी एकदा कान देऊन ऐकलं. बेल दाबल्यावर दार उघडेपर्यंतच भीती वाटते, असं काहीसं तो सांगत होता. दिवेकर आधी खूप ओरडले, मग त्यांनी बिस्किट दिलं, हेही सांगत होता.

मागच्या गुरुवारी 'समाप्त'च्या खाली एक ओळ आली: वामनने मान वर केली. सोहनींनी ती चष्मा पुसून पुसून वाचली. समाप्तीनंतर मजकूर येणं नियमबाह्य आहे, अशी नोंद कार्यकारिणीने घेतली आणि ओळ तशीच राहू दिली.

काल उशीर झाला म्हणून मी त्याला आणायला गेले. कक्षात तो एकटाच होता. पानावर आणखी एक ओळ आली होती, वामन उठून उभा राहिला होता. मी म्हटलं, चल बाळा, जेवायची वेळ झाली.

"थांब, आई," निषाद पानावरची नजर न काढता म्हणाला. "तो आता सांगणार आहे. मध्ये कोणी बोललं ना, की परत खाली बसावंसं वाटतं."

मी शेजारची खुर्ची आवाज न करता ओढून बसले.