मनोहरकाकाची नवी तबकडी

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीतून जाचं असन, तं ठेक्यात चाला. नाही तं मनोहरकाका ओट्यावरून ओरडतीनच, "अबे, ताल सुटला तुहा! डावा पाय उशिरा पडून राहिला!" एकदा तं वरातीच्या घोडीले बी त्याईनं हेच सुनावलं. घोडी सुधरली, नवरदेव पडला.

काका हाऊस म्युझिक बनवते. म्हंजे एकाच चालीनं धम-धम ठोका पडते, अन् मानूस नाचता नाचता घर विसरते. कॅसेटच्या जमान्यापासून थेच ड्रम मशीन, थेच काका. अकोला-अमरावतीच्या किती वराती त्याईनं नाचवल्या! मोबाईलचं नाव काढलं का चिडते. "मोबाईलवर गानं आयकनं म्हंजे पुरनपोळीचा फोटो चाटनं!" मी त्याईची नक्कल करतो, तं म्हनते, "आवाज जमला लेका, ठेका नाही."

घरात मात्र काकाचं काही चालत नाही. त्याईच्या म्हाताऱ्या मायनं आजवर एक गानं पुरं आयकलं नाही. "कांडप मशीन बी असंच वाजते," आजी म्हनते, "पन तिथून तिखट तरी निघते."

यंदा काकानं जुन्या पद्धतीची, सुईवर वाजनारी गान्याची नवी तबकडी काढली. तबकड्याईचं खोकं आलं, तशी सारी गल्ली अंगनात जमा. काकाची नजर मात्र आजीवर.

"माय, आज पुरं आयकजो वं."

"थांब," आजी म्हनाली. घरात नवी वस्तू आली का पयले पूजा. मग थे गाडी असो का मिक्सर. आजीनं तबकडी पाटावर ठेवली, ओलं हळद-कुंकू बोटानं लावलं, वरून अक्षता. काका आ वासून पाहूनच राहिले.

मग तबकडी फिरली. धम-धम सुरू झालं, अन् सुई कुंकवावर आली. धम-खर्र. धम-खर्र. पोट्टे त्याच्यावरच नाचाले लागले.

"काका, हे नवीनच काहाडलं का जी?"

मी ओलं फडकं घेऊन धावलो. काकानं माहा हात धरला.

"पुसू नको बे."

"काका, गानं अडकून राहिलं ना!"

"अडकू दे." काकाचा आवाज एकदम बारीक झाला. "मायनं पयल्यांदा माह्या गान्याले हात लावला."

मी गुपचूप खोक्यातून दुसरी तबकडी काहाडली. पाहतो तं आजी कुंकवाची वाटी घेऊन समोर उभी.

"थांब रे पोट्ट्या, हिची बी राहिली ना!"

काकानं माह्या हातातून तबकडी घेतली, अन् दोन्ही हातानं आजीसमोर धरली.