वरचं कोर्ट

चहात साखर बरोबर पडलीय का, असं विचारलं तरी आमचे शेजारी बिराजदार जज्जसाहेब कप खाली ठेवून सांगायचे, "तो माझा अधिकार न्हाई. चहा तुमचा हाय." अशा माणसाला चहा पाजायचा म्हणजे वैताग.

निवृत्तीनंतर ते पत्नीला, काशीबाईंना घेऊन लातुरात आमच्या गल्लीत राहायला आले. तेव्हा ते असे नव्हते. घरातले निकाल साहेब बेधडक द्यायचे आणि काशीबाई ते चुलीपाशी बसल्या बसल्या फिरवायच्या. "माझ्या वर कोर्ट हाय, म्हणून मी बिनघोर," असं ते हसत सांगायचे. बाई गेल्या आणि त्यांनी निकाल देणंच सोडलं.

पुढं लातूर जिल्हा झालं. पाट्या नव्या, कचेऱ्या नव्या, नळ तेवढे कोरडे. दुष्काळात आमच्याकडं पाणी उरलं ते फक्त साहेबांच्या विहिरीत. त्यांनी विहीर गल्लीला खुली केली आणि वाटणीचे नियमही गल्लीलाच करायला लावले. "विहीर माझी, म्हणून नियम मी करू नये."

नियम झाला: पाणी पिण्यापुरतंच, झाडांना थेंब नाही. साहेबांच्या अंगणात काशीबाईंनी लावलेला कढीपत्ता होता. तो पिवळा पडायला लागला तसं मला राहवेना.

"साहेब, विहीर तुमची. नियम रद्द म्हणा. कोण बोलणार हाय तुम्हाला?"

"कोणी बोलणार न्हाई, म्हणूनच म्हणत न्हाई. नियमानं कुणावर जुलूम झाला असता तर बोललो असतो. इथं फक्त मला नावडतंय. नावडलं म्हणून मोडणं लई सोपं हाय. खुर्चीवर होतो तेव्हाही हात शिवशिवायचे."

मी चिडून घरी आलो. तत्त्वापायी बायकोचं झाड वाळवणारा हटवादी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी माझ्या बायकोनं गल्लीतल्या बायका जमवल्या आणि नियम बदलून घेतला. काशीबाईंच्या झाडाला रोज एक तांब्या. सांगायला गेलो, तर झाडाची नुसती काडी उरली होती. साहेबांनी ती नखानं खरवडली. आत हिरवं नव्हतं.

"तुमचा नियम, तुम्ही बदललात. बरोबर झालं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते त्या काडीला तांब्याभर पाणी घालायला लागले. मला बघवेना. म्हणालो, "साहेब, ते मेलंय."

"हाव. निकाल लागलाय," ते खाली बघत म्हणाले. "पण तिनं माझे लई निकाल फिरवलेत."