दंडापुरता नवरा

अधिकार नवऱ्याचा आणि कष्ट बायकोचे, या विभागणीवर सृष्टी उभी आहे. इंग्लंडातल्या थॉर्नवेल गावात ती फारच काटेकोर पाळत. सातूची दारू गाळायच्या बायका, आणि ती पातळ निघाली की दंड व्हायचा नवऱ्यांना. दंड ज्याच्या नावावर, भट्टी त्याच्या मालकीची, असा तिथला कायदा. वीस वर्षांच्या दप्तरात एकशे बारा दंडित नवरे सापडतात. पैकी भट्टीला प्रत्यक्ष हात लावलेला एक. (तोल गेला होता.)

ओस्बर्टची बायको गावात सगळ्यांत चोख दारू गाळी. ओस्बर्ट ती पिई. तो वारला तेव्हा कारभारी रेनॉल्डने बाईंचं नियमाप्रमाणे सांत्वन केलं : वर्षभरात दुसरा नवरा करा, नाहीतर भट्टी जमीनदाराकडे जमा. तिसऱ्याच दिवशी गिरणीवाला हॅमो येऊन भट्टीचं माप घेऊन गेला. दारातून परत फिरून त्याने बाईंचीही चौकशी केली.

"वहिनी, मला लोभ नाही हो. गाळायचं काम तुमचंच राहील. मी आपला नुसता मालक होतो."

"किती सोसाल भाऊजी!" बाई म्हणाल्या.

बाई शुक्रवारचा उपास न चुकता करणाऱ्या. वर्ष संपायला तीन दिवस उरले तेव्हा त्या पायी बिशपकडे गेल्या आणि विधवांचं व्रत घेऊन आल्या. अंगावर व्रताची शाल, बोटात अंगठी; यापुढे नवरा एकच, प्रभू येशू. अशी व्रतं तिकडे रूढ होती, त्यामुळे हरकत घ्यायला कुणाला जागा नव्हती. रेनॉल्डने 'भट्टीमालक नवरा' या रकान्यात 'प्रभू' लिहिलं आणि रकाना भरला म्हणून समाधानाने जेवला. (हॅमो जेवला नाही.)

पुढच्याच आठवड्यात बाईंनी, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, भट्टीत मोजून दोन बादल्या पाणी जास्त घातलं. मग रीतीप्रमाणे, दारू तयार झाल्याची खूण म्हणून, दारावर झुडपाची काठी टांगली. तपासनिसाने येऊन घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि वर्दी दिली.

कचेरी भरली. "नवऱ्याला पुकारा," रेनॉल्ड सवयीने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पण नियम तो नियम. तीनदा पुकारा झाला.

"गैरहजर!" हॅमो ओरडला. "भट्टी जप्त करा!"

पाद्रीबाबा उठले. "तो सर्वत्र हजर आहे. गैरहजर लिहाल तर ते पाखंड होईल."

"मग हजर लिहितो. हजर, आणि पातळ दारूबद्दल दंड…"

"पाण्याचा द्राक्षारस ज्याने केला, त्याला पातळ दारूचा दंड? लिहा, लिहा. बिशपांना मी वाचून दाखवतो."

"मग दारू चांगली होती असं लिहू का?"

"तसं कसं लिहाल?" पाद्रीबाबा म्हणाले. "मी प्यायलोय ती."

तेवढ्यात मागून हलका आवाज आला.

"कारभारीसाहेब, मलाच करा दंड."

"तुम्हाला? तुमच्या नावावर? अहो, मग भट्टीसुद्धा तुमच्याच…"

"काय करणार," बाईंनी मान खाली घातली. "नाइलाज आहे."

हॅमो काहीतरी बोलणार होता. पाद्रीबाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बसला.

कारकुनाने लेखणी बुडवली. "नाव?"

बाई आधी बापाची मुलगी, मग ओस्बर्टची बायको. चाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कानावर आला होता.

"पुन्हा विचारा," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा विचारलं. बाईंनी सांगितलं. त्याने लिहिलं. भट्टी बाईंची झाली.

ते नाव इथे दिलेलं नाही. वाचकांनी हॅमोचं, रेनॉल्डचं, पिऊन पिऊन गेलेल्या ओस्बर्टचंही नाव लक्षात ठेवलं आणि बाईंचं न विचारता इथवर आले. कुणाची तक्रार नाही, त्याअर्थी दप्तर पूर्ण आहे.