रोहिणीपारचे मोजणीदार

नामदेवराव गाढे यांच्या घरी गेलात तर ते पाणी विचारत नाहीत, चहा विचारत नाहीत. तुम्ही चप्पल काढायच्या आत विचारतात, "उत्तर कुठाय?"

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी म्हणालो, "कशाचं उत्तर?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि बोटानं हर्सूलची बाजू दाखवली. "ही उत्तर. ज्याला दिशा ठाऊक नाय त्याच्याशी काय बोलावं सर?" मी पस्तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आहे. चुंबकसूचीचा धडा दरवर्षी घेतला आहे. तेव्हापासून औरंगपुऱ्यात त्यांच्या गल्लीशी रिक्षा थांबली की मी आधी उत्तर शोधून ठेवतो आणि मगच जिना चढतो.

गाढे हे आडनाव फक्त त्यांच्या लाइट बिलावर आहे. बाकी सगळे त्यांना मोजणीदार म्हणतात. उभा जन्म त्यांनी पैठणपासून कन्नडपर्यंत लोकांची शेतं मोजली. साखळी ओढली, बांधावर झेंड्या रोवल्या, भावाभावांची भांडणं ऐकली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नातवंडं खेळवतात. मोजणीदारांनी 'रोहिणीपार' मोजायला घेतलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'रोहिणीपार' ही एकवीस छोट्या मराठी कादंबऱ्यांची मालिका आहे. रोहिणी नक्षत्राच्या पलीकडे निघालेलं एक यान, त्याची कप्तान वसुधा, तिचा वैमानिक बाजी आणि सतत कुरकुर करणारा एक यंत्रमानव. आमच्या पिढीनं ती पुस्तकं शाळेच्या दप्तरात लपवून वाचली. लेखक आता हयात नाहीत. त्यांच्या वाचकांचं एक मंडळ आपल्या शहरात आहे आणि ते मी काढलं. अठरा वर्षं दर दुसऱ्या रविवारी ते माझ्या घरी भरत होतं. पोहे माझे, खुर्च्या माझ्या, अध्यक्ष मी.

पाच वर्षांपूर्वी मोजणीदार एक कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत मालिकेचे सगळे भाग होते, आणि एकेका भागाच्या दोन-दोन, तीन-तीन आवृत्त्या. माझ्याकडे प्रत्येकाची एकच, तीही काहींना मुखपृष्ठ नाही. सहा महिन्यांत मंडळ त्यांच्या घरी भरायला लागलं. "कागद तिकडं आहेत ना सर," असं सगळे मला समजुतीच्या सुरात सांगत. पोहे तिकडचे, खुर्च्या तिकडच्या. अध्यक्ष मीच होतो, कारण अध्यक्षाला काही काम नसतं.

मला त्यांचा हेवा वाटतो. हे एकदाचं सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं ते लपणार नाही. मंडळातून परतलो की आमची ही माझ्याकडे नुसतं पाहते आणि विचारते, "पोटात दुखतंय ना? ओवा देऊ का?"

पण दुखणार नाही तर काय होईल? त्यांच्या भिंतीवर रोहिणीपारचा नकाशा आहे. ग्रहांना गट नंबर, चंद्रांना पोटहिस्से. तिसरा चंद्र म्हणजे गट नंबर चौदा. मी म्हणालो, "मोजणीदार, अवकाशाला बांध नसतो." ते म्हणाले, "बांध समद्याला असतो सर. दिसत नाय, तिथंच तर भांडणं लागतात." सगळे हसले. मी वर्गात दिलेलं एकही उदाहरण इतकं चाललं नव्हतं.

कुठल्याही नव्या गोष्टीपुढं त्यांचा एकच प्रश्न असे. "पोटहिस्सा का अतिक्रमण?" मूळ जमिनीतूनच रीतसर वेगळा निघाला असेल तर तो पोटहिस्सा. दुसऱ्याच्या हद्दीत घुसला असेल तर अतिक्रमण. कुणीतरी मालिकेवर बालनाट्य केलं, त्यात वसुधाला मिशीवाला नवरा दिला. अतिक्रमण. एका दिवाळी अंकात यंत्रमानवाची प्रेमकथा आली. अतिक्रमण. आणि कहर म्हणजे मालिकेचा एकविसावा भाग, खुद्द लेखकाच्या हातचा, तोही त्यांनी नापास केला. यान गुरुवारी निघून आदल्या मंगळवारी पोचतं म्हणून. "लेखकानंच बांध कोरलाय," म्हणाले. "मालक असला म्हणून काय झालं?"

अशा माणसापुढं समीना आपला गेम घेऊन आली.

समीना बिडकीनची. तिथल्याच एका कारखान्यात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी घरी बसून तिनं एकटीनं 'रोहिणीपार'वर मोबाइलवर खेळायचा गेम बनवला होता. लेखकांच्या मुलीनं तिला कळवलं होतं की मंडळानं हा गेम मालिकेत बसतो असं लेखी दिलं तर नाव वापरायला आपली ना नाही. नाही दिलं तर ते नाव वापरू नये. तीन वर्षांची मेहनत त्या एका कागदावर अडकली होती. बिचारी आधी माझ्याकडे आली, अध्यक्ष म्हणून. मी तिला पाऊण तास मालिकेचा इतिहास सांगितला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, चहाचा कप स्वतः धुऊन ठेवला आणि विचारलं, "सर, मोजणीदार काका कुठं राहतात?"

मोजणीदारांनी गेम आपल्या मोबाइलमध्ये घालून घेतला आणि दोन महिने मागितले. मग एके दिवशी मला टपालानं पोस्टकार्ड आलं. मजकूर असा:

'मौजे रोहिणीपार येथील सदर गेमची हद्दकायम मोजणी येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता करण्यात येणार आहे. तरी लगतधारकांनी आपापल्या कागदपत्रांसह जागेवर हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी थांबणार नाही.'

आणि पत्त्यावर माझ्या नावापुढं कंसात लिहिलं होतं, 'लगतधारक'.

लगतधारक! म्हणजे शेजारच्या शेताचा मालक. ज्यानं मंडळ काढलं, अठरा वर्षं पोहे घातले, तो शेजारी! सहधारक लिहिलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. आमची ही म्हणाली, "मग काय मालक लिहायचं होतं?"

मी तयारीला लागलो. मोजणीदार गेम नापास करणार ही काळ्या दगडावरची रेघ होती. ज्यानं लेखकाला सोडलं नाही तो बिडकीनच्या पोरीला काय सोडणार? म्हणून मी गेमच्या बाजूनं दोन पानांचं भाषण लिहिलं. नव्या पिढीची कल्पकता, जुन्यांचा हट्ट, वगैरे. खरं सांगायचं तर मी तोवर गेम पाहिलाही नव्हता. पण मोजणीदार पूर्वेला तर मी पश्चिमेला, एवढी दिशा मला पक्की ठाऊक होती.

रविवारी मंडळाची आम्ही नऊ माणसं जमलो. समीना तिच्या अम्मीला घेऊन आली होती. त्या माउली एकही शब्द न बोलता मांडीवर पर्स धरून बसल्या, दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या. समीनानं लॅपटॉप लावला आणि गेम दाखवला.

गेम अकराव्या भागानंतर सुरू होतो. अकराव्या भागात काय होतं ते सांगायला हवं. यानाचा अँटेना तुटतो, तो दुरुस्त करायला बाजी 'टिटवी' नावाच्या छोट्या यानातून बाहेर पडतो आणि परत येत नाही. वसुधा रेडिओजवळ बसून राहते. भाग संपतो. समीनाच्या गेममध्ये खेळणारा वसुधा होतो आणि रेडिओची कळ फिरवत राहतो. खूप वेळ नुसती खरखर. मग त्या खरखरीतून आवाज येतो, "बाजी बोलतोय. ऐकू येतंय का?" आणि तिथून त्याला हुडकून परत आणायचं.

"बाजीला का परत आणलंस?" कुणीतरी विचारलं.

"मला तो मेलेला चालतच नव्हता काका," समीना म्हणाली. "आठवीत वाचलं तेव्हा दोन दिवस जेवले नाही. अम्मीला विचारा." अम्मींनी मान हलवली.

सगळे मोजणीदारांकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पोटहिस्सा," ते म्हणाले. "मंजूर."

समीनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. टाळ्या झाल्या. आणि माझ्या खिशात गेमच्या बाजूनं लिहिलेलं भाषण होतं! आता ते वाचणं म्हणजे मोजणीदारांच्या मागून री ओढणं. माझ्या आत काय झालं ते लिहायलाही लाज वाटते, पण मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी हरकत आहे."

अकरावा भाग माझ्या हातातच होता. मी शेवटचं पान उघडलं आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं: 'रेडिओ गप्प होता. पुढेही तो गप्पच राहिला.' मग विचारलं, "पुढेही गप्पच राहिला, असं लेखक म्हणतो. मग गेममध्ये बाजी बोलतो कसा? एका गुरुवार-मंगळवारासाठी तुम्ही लेखकाला नापास केलंत, आणि हे चालतं?"

समीनानं हळूच लॅपटॉप मिटला. मी पाच वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो असा समोर उभा होता, आणि मोजणीदार हरले होते.

"हरकत बरोबर हाय," ते शांतपणे म्हणाले. "मला ते पान ठाऊक हाय. कागद सरांच्या बाजूनं हाय. काय लिहून द्यायचं ते सरांनी ठरवावं." एवढं बोलून ते चहा टाकायला आत गेले.

माणसं चहा पिऊन एकेक करून पांगली. समीना जाताना माझ्या पाया पडली, आणि ते मला फार लागलं. मी मागं राहिलो. जिंकलेल्या माणसाला कुणीतरी शाबासकी द्यावी लागते, आणि तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"ठाऊक होतं, मग मंजूर कसं केलंत?" मी विचारलं.

मोजणीदार बराच वेळ बशी पुसत राहिले.

"सर, ही पुस्तकं मी कवाच वाचली नव्हती," ते म्हणाले. "आमची कारभारीण वाचायची. दिसभर उन्हात बघून बघून माझे डोळे चुरचुरायचे. जेवण झालं की ती स्वैपाकघराच्या उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचायची अन् मी डोळे मिटून ऐकायचो. एकवीसच्या एकवीस भाग असेच ऐकले. अकरावा निघाला त्याच महिन्यात माझा धाकटा भाऊ गेला. पैठण रोडला, मोटारसायकलवर. सकाळी निघाला तो आलाच नाय. तिनं पुस्तक दोन दिवस कपाटात ठेवलं. मग वाचलं. शेवटाला वाचलं की रेडिओवर बाजीचा आवाज आला. म्हणाला, 'मी नीट हाये. माझी वाट बघू नका, जेवून घ्या.'"

"असं पुस्तकात नाही," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"नाय ना. पण मला काय ठाऊक? चाळीस वर्षं मला वाटायचं, काय लेखक हाय! आभाळात गेलेल्या माणसाच्या तोंडी कसलं वाक्य घातलंय. त्या दिशी मी चार दिसांनी जेवलो होतो." त्यांनी बशी फळीवर ठेवली. "सहा वर्षांमागं ती गेली. मग पुस्तकं मीच वाचाया घेतली, तर त्यात ते वाक्यच नाय. वाटलं, पान फाटलंय. दुसरी आवृत्ती आणली, तिसरी आणली. कुठंच नाय. तुमच्या मंडळात त्याच्यासाठीच आलो होतो सर. कुणाकडं तरी ते पान असंल म्हणून."

मी हातातला अकरावा भाग मिटून ठेवला.

"लई उशिरानं ध्यानात आलं, की ते तिनंच लिवलं होतं. वाचता वाचता. पुढल्या भागांत बाजी नव्हताच, तर मी विचारायचो कुठाय. ती म्हणायची, आहे की, दुसऱ्या कामावर हाय." मोजणीदार हसले. "आता ही पोरगी म्हणते, बाजी बोलला. मी कसं म्हणू नाय बोलला? मी ऐकलंय सर."

रिक्षा न करता मी घरी चालत आलो. हेवा गेला असेल असं तुम्हाला वाटेल. गेला नाही, उलट वाढला. आवृत्त्यांचा, नकाशाचा, पोह्यांचा हेवा मी समजू शकत होतो. हा वेगळा होता. मी एकवीस भाग तीन-तीनदा वाचले, स्वल्पविरामासकट. दरवेळी एकटाच, दार लावून, कुणी मध्ये बोललं तर चिडून. माझ्यासाठी कुणी एक ओळही बदलली नाही, आणि कुणी बदलली असती तर मी तिची चूक काढली असती. सगळ्या मालिकेतलं सर्वांत चांगलं वाक्य त्या बाईनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून रचलं आणि ते फक्त एका माणसाच्या कानात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्ष म्हणून लेखकांच्या मुलीला पत्र लिहिलं की गेम मालिकेत बसतो, मंडळाची कोणतीही हरकत नाही. मग समीनाला फोन लावला. ती रडली, तिची अम्मी फोनवर येऊन हिंदीत काहीतरी दुवा देऊन गेली.

"फक्त एक दुरुस्ती आहे," मी म्हणालो. "रेडिओवर बाजी 'ऐकू येतंय का' एवढंच म्हणतो. त्याच्यापुढं एक वाक्य घाल. 'मी नीट आहे. माझी वाट बघू नका, जेवून घ्या.'"

तिनं ते वाक्य हळूच म्हणून पाहिलं. "किती छान आहे सर. पण मी हे वाचलेलं कसं नाही? कितव्या भागात आहे?"

"अकराव्या. शेवटच्या पानावर."

"माझ्या पुस्तकात तर नाही. कोणती आवृत्ती सर? तुमच्याकडची?"

"नाही," मी म्हणालो. "ती आवृत्ती माझ्याकडे नाही. ती फक्त मोजणीदारांकडे आहे."