सतरावा आवाज

सोमवारी संध्याकाळी प्रसन्नने तिसऱ्यांदा मोजलं. मुलं सोळा होती आणि आवाज सतरा येत होते.

पहिल्या दोन वेळा त्याने दोष आपल्या कानांना दिला होता. पण तो पेशाने इंजिनिअर होता. दिवसभर दुसऱ्यांनी मोजलेलं पुन्हा मोजायचं, याचाच त्याला पगार मिळत होता. सोळापर्यंत मोजताना त्याने तीनदा चुकावं, हे काही पटण्यासारखं नव्हतं.

हे काम त्याच्या गळ्यात पडलं तेही गळ्यामुळेच. त्याची लेक ऋता न्यूनेन या डच गावाजवळच्या शाळेत, तिथल्या मुलांच्या गायकवृंदात होती. कोरोनामुळे एकत्र गाणं वर्षभर बंद होतं. त्यातली पाच मुलं आता परीक्षेला बसून शाळा सोडणार होती. त्यांना ना समारंभ होता, ना टाळ्या. म्हणून संगीताचे शिक्षक मेनेर, म्हणजे सर, फान लीसहाउट यांनी तोडगा काढला. मुलांनीच रचलेलं निरोपाचं गाणं प्रत्येकाने घरी बसून गायचं आणि सोळा आवाज जोडून शुक्रवारी व्हिडिओ दाखवायचा. "जोडून कोण देईल?" असं त्यांनी ऑनलाइन सभेत विचारलं, तेव्हा तीस पालक चिडीचूप झाले. नेमका त्याच वेळी प्रसन्नने घसा खाकरला. माइक बंद करायचा राहून गेला होता.

"ऋताचे बाबा! वा!" मेनेर म्हणाले, आणि विषय संपला.

तर आता तो वरच्या लहान खोलीत, ऑफिसच्याच टेबलावर, ते गाणं स्पीकरवर लावून बसला होता. चांगले हेडफोन ऋताच्या ऑनलाइन वर्गाला गेले होते. खिडकीबाहेर मार्चचं धुकं उतरत होतं. समोरच्या घरांतून दिवे लागले होते, पडदे उघडे होते आणि एकाही घरात माणूस हलताना दिसत नव्हता.

दुसरं कडवं संपलं आणि तो आवाज आला. बाईचा आवाज होता. शब्द नव्हते, नुसता 'आ'. मुलांपेक्षा अर्धा श्वास मागे, आधी सगळं ऐकून घेतल्यासारखा. खोल विहिरीच्या तळाशी बसून कुणी गावं तसा. प्रसन्नच्या दंडावर काटा आला. त्याने घाईने स्पेसबार दाबला.

गाणं थांबलं. तो आवाज मात्र थांबला नाही. तीन-चार सूर पुढे गेला, थबकला, आणि चूक लक्षात आल्यासारखा गप्प झाला.

"लेटन्सी, आवाज मागून पोचतोय," प्रसन्न मोठ्याने म्हणाला. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. पण इंजिनिअर लोक रामनामाच्या जागी असलेच शब्द घेतात.

मग तो दारात जाऊन ओरडला, "मेधा! जरा खाली ये ना!"

"आले! मशीन लावतेय!" माळ्यावरून त्याच्या बायकोचा आवाज आला. मेधा कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन खाली आली. "काय झालं?"

"हे ऐक. दुसऱ्या कडव्यानंतर."

दोघांनी ऐकलं. सोळा मुलं गायली, गाणं संपलं. सतरावा आवाज आला नाही. प्रसन्नने पुन्हा लावलं, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदाही सगळं कसं गोड, निर्मळ आणि सोळाच.

"छान जमलंय की," मेधा म्हणाली. "पण तुझा चेहरा असा का?"

"यात एक बाई गात होती. आत्ता. आईशप्पथ."

"तू दुपारी जेवलास का नीट?" असं विचारून मेधा टोपलीसकट वर निघून गेली. प्रसन्नने धीर करून गाणं पुन्हा लावलं. दुसरं कडवं संपलं, आणि आली ती बाई.

म्हणजे बायको खोलीत असली की ती बाई गप्प राहत होती. प्रसन्नला याचं फारसं नवल वाटलं नाही. मेधासमोर त्याचे सख्खे मामासुद्धा तोंड उघडत नसत.

मंगळवारी त्याने शास्त्रशुद्ध तपास करायचं ठरवलं. आवाज कुणाच्या तरी माइकमधून शिरला असणार. एकेक मूल बंद करत गेलं की चोर सापडेल. संध्याकाळी, काम संपल्यावर, त्याने गाणं लावलं, आवाज येऊ दिला आणि बटणं दाबायला सुरुवात केली. एक बंद, दोन बंद. आवाज होताच. दहा बंद झाले. आता तो जास्तच मोकळा झाला, वर चढला, एका सुराभोवती घोटाळत राहिला. पंधरा बंद. राहिली फक्त ऋता. स्वतःच्या पोरीला बंद करणं प्रसन्नच्या जिवावर आलं, पण त्याने बटण दाबलं.

सोळाच्या सोळा गप्प झाले. सतरावा गात होता.

प्रसन्नने लॅपटॉप धाडकन मिटला. आवाजही तिथेच तुटला. बराच वेळ तो झाकणावर दोन्ही हात ठेवून बसून राहिला, आतून कुणी उघडू नये म्हणून.

रात्रीच त्याने गाण्याची फाइल मेनेरना पाठवली. बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मी पाच वेळा ऐकलं. सोळाच आवाज आहेत. अगदी सुंदर." मग ते म्हणाले, "घरून काम, सारखं स्क्रीनसमोर बसणं, सगळ्यांनाच जड जातंय. डॉक्टरांशी बोलून बघा ना." इथले डॉक्टर भुतावरही पॅरासिटामॉलच देतील, हे प्रसन्नला अकरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्याने ब्रेडा शहरात राहणाऱ्या जयप्रकाशला फोन लावला. जयप्रकाश त्याचा कॉलेजचा मित्र, डॉक्टरेट केलेला, विज्ञाननिष्ठ माणूस.

"मीठ-मोहरी ओवाळून टाक," जयप्रकाश म्हणाला.

"अरे, तू फिजिक्सचा ना?"

"म्हणूनच सांगतोय. काही गोष्टींत फिजिक्स चालत नाही, हे आम्हालाच आधी कळतं."

प्रसन्न मूठभर मीठ आणि चिमूटभर मोहरी घेऊन वर गेला आणि लॅपटॉपवरून उतरवू लागला. पाचव्या फेऱ्याला दारातून ऋता म्हणाली, "बाबा, व्हॉट आर यू डूइंग?" प्रसन्न दचकला आणि मूठ कीबोर्डवरच सुटली.

"क्लीनिंग," तो म्हणाला.

"विथ सॉल्ट?" ऋताने त्याच्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं आणि ती आपल्या वर्गाला गेली.

मिठाचे खडे नेमके स्पेसबारखाली जाऊन बसले. त्याचा परिणाम संध्याकाळी दिसला. प्रसन्न चहा घेऊन जिन्याने वर येत होता. खोलीत अंधार होता, आणि गाणं आपलं आपणच सुरू झालं. तो दारात खिळला. सोळा मुलं अंधारात गात होती. दुसरं कडवं संपलं, आणि वरून, जणू छतातून, ती गाऊ लागली.

त्याला पळून जायचं होतं. पण आपल्याला वेडं ठरवलं जातंय, हा राग भीतीपेक्षा मोठा निघाला. त्याने चहा खाली ठेवला, फोन काढला, तिचा अख्खा आलाप रेकॉर्ड केला आणि मेनेरना पाठवून दिला.

मेनेरनी या वेळी फोन केला नाही. त्यांनी ते रेकॉर्डिंग थेट सगळ्या पालकांना पाठवलं. खाली एकच ओळ होती: हा आवाज कुणाच्या ओळखीचा आहे का?

तासाभरात उत्तरं आली. कुणी लिहिलं, शाळेची संगीताची खोली पूर्वी ख्रिस्ती जोगिणींचं प्रार्थनागृह होती. कुणी लिहिलं, तिथे थंडीत एक जोगीण गाता गाता गेली होती. डच माणसं व्यवहारी असतात असं प्रसन्न समजत होता. त्यांनाही वर्षभर घरात कोंडल्यावर असं होतं, हे त्याला नवीन होतं. शेवटचं पत्र लोटे नावाच्या मुलीच्या आईचं होतं. तिची आई, म्हणजे लोटेची आजी, गेल्या एप्रिलमध्ये दवाखान्यात वारली, भेटायलाही कुणाला सोडलं नव्हतं. "माझी आई भांडी घासताना अशीच गायची," तिने लिहिलं होतं. "कृपा करून शोधा." ते वाचून प्रसन्नने फोन पालथा ठेवला. आपण हे काय उकरून बसलो, असं त्याला वाटलं.

गुरुवारी पाचला ऑनलाइन सभा ठरली. शुक्रवारचा व्हिडिओ दाखवायचा की रद्द करायचा, याचा निर्णय तिथे होणार होता. पाच मुलांचा निरोप प्रसन्नच्या मानगुटीवर बसला होता. एकट्याने बसायची त्याची हिंमत नव्हती. भूत जिला बिचकून असतं ती शेजारी असलेली बरी, म्हणून त्याने मेधाला जेवणाच्या टेबलाशी आपल्याजवळ बसवलं. रेकॉर्डिंगचं त्याने तिला सांगितलं नव्हतं, उगाच घाबरेल.

स्क्रीनवर तीस चेहरे, सगळे गंभीर. मेनेर म्हणाले, "मी एकदाच लावतो." त्यांनी ते रेकॉर्डिंग लावलं. लोटेच्या आईने डोळे मिटले. एका बापाने कुत्र्याला उचलून मांडीवर घेतलं. मेधाचा हात टेबलावरच्या कपाकडे जाता जाता मध्येच थांबला.

ऋता मागे ओट्याशी ब्रेडवर चॉकलेटचे दाणे पसरत होती. तिने मानही वर केली नाही. "डाट इज टॉख मामा?" ती म्हणाली. म्हणजे, ही तर आई आहे.

प्रसन्नने या वेळी तरी माइक बंद ठेवायला हवा होता. तीसच्या तीस चेहरे एकदम मेधाकडे वळले. प्रसन्नही वळला.

"तू?"

"माळ्यावर," मेधा म्हणाली. "मशीन चालू असलं की."

माळ्यावर कपड्यांच्या मशीनशेजारी घरात हवा खेळवणारी पेटी होती. तिचा हवेचा नळ सरळ लहान खोलीच्या छतात उघडत होता. त्यातून मुलांचं गाणं रोज वर जात होतं, आणि मेधाचं खाली येत होतं; मंगळवारी लॅपटॉप आपटल्याचंही वर ऐकू गेलं होतं.

"पण तू समोर आलीस की आवाज बंद व्हायचा!" प्रसन्न म्हणाला.

"मग? मी तुझ्यासमोर गाते का कधी?"

"का नाही गात?"

"तुझे कॉल असतात." मेधाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं प्रसन्नला वाटलं. "बारा वर्षं शिकले मी पुण्यात. लग्नाला अठरा झाली. माझा आवाज ऐकून तू मीठ ओवाळलंस?"

प्रसन्नला मनापासून लाज वाटली. पोरीला एका सेकंदात कळलं होतं. त्याने चार दिवस शास्त्रशुद्ध तपास केला होता.

"ऋता, आईबाबा काय म्हणतायत?" मेनेरनी विचारलं.

ऋताने क्षणभर विचार केला. "अजून मिक्सिंग चाललंय त्यांचं," ती डचमध्ये म्हणाली.

कुणीतरी हसलं. मग लोटेची आई बोलली. "ती माझी आई नाही, हे मला माहीत होतंच," ती म्हणाली. "पण तो आवाज काढू नका." मेनेर पुढे झुकले. हा आवाज गाण्यात घेतला तर चालेल का, उद्या सकाळपर्यंत नीट रेकॉर्ड होईल का, असं त्यांनी थेट मेधाला विचारलं. मेधा स्वच्छ डचमध्ये म्हणाली, "होईल. पण मी गाताना खोलीत कुणी थांबायचं नाही."

शुक्रवारी सकाळी प्रसन्नने आपले तीन कॉल रद्द केले. लहान खोलीत माइक मांडला, गाणं सुरू केलं, बाहेर येऊन दार ओढलं आणि तो जिन्यात बसला. दुसरं कडवं संपलं. मेधा गाऊ लागली. त्याच्या दंडावर पुन्हा काटा आला, अगदी सोमवारसारखा. आता कोण गातंय ते माहीत होतं, म्हणून भीती उलट वाढली. अठरा वर्षं आपल्या घरात कोण राहतंय, याचा त्याला पत्ताच नव्हता.

गाणं संपलं. दार उघडून मेधा बाहेर आली. तिचे गाल तापले होते. "कसं आलंय? लाव बघू."

प्रसन्नने लॅपटॉपवर पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. रेकॉर्डचं बटण त्याने दाबलंच नव्हतं.

मेधाने ते पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. "मुद्दाम केलंस?"

"हो," प्रसन्न म्हणाला. "पुन्हा ऐकायचं होतं."

अठरा वर्षांत मेधाला त्याच्या थापा पाठ झाल्या होत्या. ही त्यातलीच एक, हे तिने तत्काळ ओळखलं. तरी ती पुन्हा आत गेली, माइकसमोर उभी राहिली, आणि दार तिने उघडंच ठेवलं.